गोलकीपर होऊन परदेशात खेळायचंय? बेळगाव, निपाणी, खानापूरच्या पोरापोरींसाठी

आमच्या मैदानावर गोल दोन आणि जाळी एकाच गोलला. दुसऱ्यामागं नाला. चेंडू आत गेला की तो आणायला कीपरनंच पळायचं, ही तिथली रीत. त्यामुळं आमच्याकडं कीपर कुणी निवडत नाही, तो आपोआप ठरतो. जो जाड असतो तो, नाहीतर जो सगळ्यांत लहान असतो आणि ज्याला नाही म्हणता येत नाही तो. मी लहान होतो म्हणून उभा राहिलो आणि पुढं अठरा वर्षं उभाच होतो. परदेशात मी खेळलेलो नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आता शनिवार-रविवारी पोरांना कीपिंग शिकवतो. दर चार-सहा महिन्यांनी कुणाचे तरी वडील गाडी स्टँडवर लावून जवळ येतात आणि विचारतात, "सर, पोरगा फॉरेनला खेळंल काय हो?" या प्रश्नाचं उत्तर देता देता जे जमा झालं ते इथं लिहितो.

सगळ्यात आधी हिशेब

अकरा जणांत कीपरची जागा एक. फॉरवर्डला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात, विंगरवाला दमला की दुसरा आत जातो. दोन नंबरच्या कीपरला मात्र पहिल्याचं बोट मोडल्याशिवाय कुणी विचारत नाही. परदेशात तर हे आणखी अवघड. बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि क्लब त्या गोल मारणाऱ्यांवर खर्च करतात. आपल्या आयएसएलमध्येही (इंडियन सुपर लीग) तसंच चालतं, म्हणून तर तिथं गोलमध्ये बहुतेक भारतीयच दिसतात.

गुरप्रीत सिंग संधूचं उदाहरण मी प्रत्येक पोराला सांगतो, आणि यशाची गोष्ट म्हणून सांगत नाही. चंदीगडच्या अकादमीतून ईस्ट बंगालला गेलेला, साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा हा पोरगा २०१४ साली नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये दाखल झाला. तिथं आयव्हरी कोस्टचा सायुबा मांडे आधीच पहिल्या नंबरचा कीपर होता. गुरप्रीतला नॉर्वेच्या वरच्या लीगमधला पहिला सामना मिळाला २०१६ मध्ये. मधला काळ म्हणजे रोज सकाळी थंडीत सराव आणि सामन्याच्या दिवशी बाकावर. त्याच वर्षी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत तो वेल्सच्या कॉनाज् क्वे नोमॅड्सविरुद्ध उतरला. तिथवर कुणी भारतीय पोचला नव्हता. २०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत परतला. यातल्या सामन्यांच्या बातम्या आल्या, बाकावरच्या दोन हंगामांची बातमी कुणी दिली नाही. तुमचा बहुतेक काळ त्या बाकावर जाणार आहे. ते झेपणार असेल तर पुढं वाचा.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. कीपर उशिरा पिकतो आणि उशिरापर्यंत टिकतो. इटलीच्या डिनो झॉफनं १९८२ चा विश्वचषक चाळिसाव्या वर्षी उचलला. इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्या वयात त्यानं सौदी अरेबियाची पेनल्टी अडवली. म्हणजे सोळाव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून घरात रडारड करायचं कारण नाही.

पायरी १: शरीर, हात आणि माती

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. ही मापं कुणासाठी बदलत नाहीत. मुलांमध्ये युरोपातले क्लब सहा फुटांच्या वरचाच कीपर शोधतात, हे खरंच आहे. तरी पोरगा चौदा वर्षांचा असताना त्याच्या उंचीवरून निकाल देऊ नका. त्या वयात पाय बघा. चांगला कीपर हातांच्या आधी पायांनी चेंडूपाशी पोचतो. झेप हा पाय कमी पडल्यावरचा शेवटचा उपाय. आमच्या पोरांना मात्र पहिल्या दिवसापासून झेप शिकायची असते, कारण फोटो झेपेचाच येतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं तांबड्या मातीचा राडा होतो. खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका. पुष्कळ जण या दिवसांत सराव बंद करतात. मी उलट सांगतो. ओला, जड, घसरणारा चेंडू दोन टप्प्यांत पकडायला याच दिवसांत शिकता येतं: आधी तळव्यांनी वेग मारायचा, मग छातीशी ओढून घ्यायचा. पडताना कोपर खाली येऊ द्यायचं नाही. आधी पिंढरी, मग मांडी, मग कुशी, मग खांदा. मे महिन्यातल्या टणक मैदानावर हे चुकीचं शिकलात तर खांदा कायमचा जातो. माझा डावा गेलाय. आजही वरच्या फळीवरचा डबा उजव्याच हातानं काढतो.

हातमोज्यांबद्दल दोन शब्द, कारण पालकांचे सर्वांत जास्त पैसे इथंच वाया जातात. तळव्याचं लेटेक्स मऊ असलं तर पकड छान, पण झिजतं लवकर. ते मोजे सामन्याला ठेवा आणि सरावाला जुने वापरा. घालण्याआधी तळवे जरासे ओले करायचे. खेळून झालं की कोमट पाण्यात हलक्या हातानं चोळून माती काढायची आणि सावलीत वाळवायचे. एका आईनं पोराचे नवे मोजे वॉशिंग मशिनमध्ये टाकून वर गच्चीवर उन्हात घातले होते. संध्याकाळी बघतो तर तळव्याचे पापड झालेले.

कीपरला आता पायानंही खेळावं लागतं. सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं मागं दिलेला चेंडू हातात घेता येत नाही, हा नियम १९९२ पासून आहे. २०१९ पासून गोलकिक पेनल्टी बॉक्सच्या आतच सहकाऱ्याला देता येते. आणि २०२५-२६ च्या हंगामापासून चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात धरला तर समोरच्याला थेट कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून मोजून दाखवतो. गल्लीतल्या स्पर्धेत चेंडू पोटाशी धरून वेळ काढायची सवय असेल तर आत्ताच मोडा.

पायरी २: ओरडायला शिका, आणि अनेक भाषांत शिका

ही पायरी लोक धरतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही कॉलेजात असताना आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, चिकोडीकडचा होता, घरी कन्नड. पोरगा हाडाचा चांगला आणि हेडर तर असा, की चेंडूला आवाज यायचा. एका सामन्यात डावीकडून उंच क्रॉस आला. मी पुढं निघालो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "सोड!" त्यानं ऐकलं "नोड." कन्नडमध्ये नोडु म्हणजे बघ. तो बिचारा मान वळवून माझ्याकडंच बघायला लागला. चेंडू त्याच्या कानाला लागला, माझ्या हातावरून गेला आणि गोलमध्ये पडला. वर तोच मला विचारतोय, "बघ म्हणून तूच की ओरडूलालास!" त्या दिवसापासून आमच्या संघात एकच शब्द ठरला, "कीपर!" या शब्दाला भाषा नाही.

हाच प्रसंग परदेशात जसाच्या तसा घडतो, फक्त भाषा बदलतात. शॉट अडवणं हे कीपरचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे समोरच्या चार जणांना बोलून जागेवर ठेवणं: डावीकडं सरक, मागं माणूस आहे, वेळ आहे, बाहेर मार. फॉरवर्डला मुक्यानं खेळून निभतं. कीपर मुका राहिला की बॅक लाइनचा त्याच्यावरचा भरोसा उडतो, आणि मग प्रशिक्षकाला तो कितीही आवडला तरी उतरवत नाही.

इथं सीमाभागातल्या पोराला फायदा आहे, आणि तो त्याला स्वतःला ठाऊक नसतो. घरी मराठी, बाजारात कन्नड, कॅम्पात हिंदी-उर्दू, शाळेत इंग्रजी, गोव्याचा पाहुणा आला की कोकणी. वाक्य अर्धं एका भाषेत सुरू करून दुसऱ्या भाषेत संपवणं ही आपली रोजची सवय. भाषेवरून आपल्याकडं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी पडत नाही. पण मैदानावर चार भाषांतून ओरडता येणं ही कमाई आहे.

म्हणून जिथं जायचं त्या देशाच्या मैदानातल्या हाका आधी पाठ करा, व्याकरण नंतर. इंग्रजीत चेंडू आपला असेल तर "कीपर!", बाहेर मारायचा असेल तर "अवे!", मागं माणूस असेल तर "मॅन ऑन!" त्याच मागच्या माणसासाठी जर्मनीत "हिंटरमान!" आणि ब्राझीलमध्ये "लाद्राँव!", म्हणजे चोर. चेंडू माझा म्हणायला स्पॅनिशमध्ये "मिया!" अशा वीस-पंचवीस हाकांची वही करा आणि इथल्याच मैदानावर, इथल्याच स्टॉपरला त्या ऐकवा. पोरं हसतील. हसू दे.

पायरी ३: कुठं खेळायचं

बेळगावातल्या पोरानं कॅम्प, टिळकवाडीतल्या मैदानांवर शालेय आणि जिल्हा पातळीचे सामने खेळायचेच. पण कीपरला सामने लागतात, आणि बरे शॉट मारणारे लागतात. त्यासाठी बाहेर पडावं लागतं. चोर्ला घाट उतरलं की गोवा, जिथं धेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर या क्लबांची नावं घराघरांत आहेत. वर कोल्हापूर, जिथं पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पेठच्या पेठ बघायला लोटते. मधे गडहिंग्लज, तिथं दिवाळीच्या सुट्टीत फुटबॉल असतो. आपण या सगळ्यांच्या मधोमध आहोत.

पण इथंच सीमेची मेख आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेखाली येतात. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनखाली. गोव्याची संघटना तिसरी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणीत खेळाडू एका वेळी एकाच क्लबचा असतो. निपाणीचा पोरगा मावशीकडं राहून कोल्हापुरात एक हंगाम खेळला, परत आला, आणि इथल्या क्लबनं त्याला नव्यानं नोंदवायला घेतलं की गाडी अडते. आधी रीतसर ट्रान्सफर करून घ्या. आणि सीआरएसमधली नोंद दरवर्षी स्वतः उघडून बघा. परदेशी क्लब तुमचा इतिहास तिथूनच मागतो, वर्तमानपत्रातल्या कात्रणांवरून नाही.

त्यानंतरची चढण ठरलेली: राज्याचा ज्युनिअर संघ, एखाद्या आयएसएल किंवा त्याखालच्या लीगमधल्या क्लबचा युवा संघ, मग वरिष्ठ संघ. वय चोरून काही होत नाही. मनगटाच्या हाडांची तपासणी होते आणि ती दाखल्याला विचारत नाही. वरच्या पातळीवरही सगळं आलबेल असतं असं समजू नका. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही आणि चांगले चांगले खेळाडू घरी बसून होते. म्हणून बारावी तरी पुरी करा. सैन्य, रेल्वे, बँकांचे संघ आणि खेळाडू कोट्यातली नोकरी हा रस्ता आपल्या भागातल्या आईवडिलांना पटतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ४: नावाचं स्पेलिंग

हसू नका. अडतं ते इथं.

आपल्याकडच्या एका मुलाची कागदपत्रं मी स्वतः लावली होती. जन्माचा जुना दाखला कन्नडमध्ये. शाळेचा दाखला मराठी माध्यमाचा, त्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आपला क्रम. आधारवर आद्याक्षरं पुढं आणि आडनाव गायब. दहावीच्या मार्कलिस्टात आडनावाच्या शेवटी एक जादा अक्षर. चार कागद, चार माणसं. ट्रायलची तारीख दीड महिन्यावर, आणि आम्ही प्रतिज्ञापत्रं करत फिरत होतो.

त्यामुळं पोरगा बारा-तेरा वर्षांचा असतानाच सगळ्या कागदांवर एकच नाव, एकच स्पेलिंग, एकच जन्मतारीख करून घ्या. पासपोर्ट त्यानंतर, बेळगावात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, बेंगळुरूला धावायची गरज नाही. दहावी पास असल्याचा दाखला अर्जाबरोबर जोडा, म्हणजे ईसीआर शिक्का टळतो. नाहीतर आखाती देश किंवा मलेशियासारख्या ठिकाणी नोकरीला जाताना वेगळी सरकारी परवानगी काढत बसावं लागतं, आणि फुटबॉलचा करार ही नोकरीच असते. कन्नड किंवा मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. राज्य पातळीवरची साक्षांकनं झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का. या सगळ्याला किती दिवस लागतील ते विचारू नका, हंगाम सुरू व्हायच्या वर्षभर आधी सुरू करा.

पायरी ५: बाहेरचे दरवाजे

अठरा पूर्ण झाल्याशिवाय आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर नाही. फिफाचा हा नियम आहे, त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यांत आपण सहसा बसत नाही. पंधरा वर्षांच्या पोराला युरोपातल्या क्लबात घालतो असं कुणी म्हणालं तर तो सहल विकतोय असं समजा.

इंग्लंडचं स्वप्न सगळ्यांना पडतं, कारण टीव्हीवर तेच दिसतं. तिथं कामाच्या परवान्यासाठी खेळाडूच्या देशाची फिफा क्रमवारी आणि तो कुठल्या लीगमध्ये किती खेळला हे मोजतात. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार होऊनही परवाना मिळाला नाही, कारण भारत पहिल्या सत्तरात नव्हता. आपली आजवरची सर्वोत्तम जागा १९९६ मधली ९४ वी. तेव्हा आधी डोळे दुसरीकडं वळवा. सुब्रत पाल २०१४ मध्ये डेन्मार्कच्या व्हेस्टशेलँड क्लबकडं गेला, गुरप्रीत नॉर्वेला. उत्तर युरोप, आग्नेय आशिया, आखात आणि शेजारचे देश हे आपल्याला परवडणारे दरवाजे आहेत.

मुलींसाठी अभ्यासाची वाट जास्त खुली आहे. दिल्लीची अदिती चौहान इंग्लंडमधल्या लफबरा विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाची कीपर झाली. पुढं ती आइसलँडमध्येही खेळली. अमेरिकेतली विद्यापीठं फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती देतात. त्याला गुण लागतात, इंग्रजी लागतं आणि सामन्यांचे व्हिडिओ लागतात. एक सावधगिरी: ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. हौशी पातळीवर चालतं. ही रेष ओलांडली तर व्हिसा जातो, म्हणून क्लबनं काय देऊ केलंय ते विद्यापीठाला लेखी विचारा.

व्हिडिओत फक्त झेपा भरू नका. दोन पूर्ण सामने द्या, त्यातला एक हरलेला. गोल खाल्ल्यावर पुढची दहा मिनिटं कीपर कसा उभा राहतो ते परदेशी प्रशिक्षक बघतो.

पायरी ६: एजंट

माझ्या धाकट्या भावाचे दीड लाख रुपये इथं गेले. तोही कीपर, माझ्यापेक्षा चांगला. एक गृहस्थ हॉटेलात भेटले, पूर्व युरोपातल्या एका क्लबचं पत्र दाखवलं. लोगो झकास होता. पैसे ट्रायल आणि व्हिसाचे म्हणून घेतले. पत्राखालचा ईमेल पत्ता फुकटातल्या जीमेलचा होता, हे आम्हाला पैसे दिल्यावर सहा आठवड्यांनी दिसलं. वडिलांनी त्या वर्षीचा सगळा ऊस त्यात घातला होता. पोलिसांत गेलो नाही, लोक काय म्हणतील म्हणून. जायला हवं होतं.

तेव्हा नियम लिहून घ्या. एजंटकडं फिफाचा परवाना हवा आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. एजंटची कमाई तुमच्या पगारातून, पगार सुरू झाल्यावर, ठरलेल्या टक्क्यांनी येते. हे टक्के किती असावेत यावर फिफानं मर्यादा घातली आणि त्यावरून युरोपात कोर्टकचेऱ्या झाल्या. पण खेळाडूकडून आधीच रोख घेणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. एजंटशी करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा. अल्पवयीन खेळाडूशी पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्यानं बोलणीही करायची नाहीत. आणि क्लबचं पत्र आलं की त्या क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरचा फोन नंबर काढून स्वतः फोन करा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. "तुम्ही मला बोलावलंय का?" एवढंच विचारायचंय.

पायरी ७: करार

सही करण्यापूर्वी चार-दोन गोष्टी पक्क्या बघा. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, अठराच्या आतल्यांचा तीन. वैद्यकीय तपासणी पास झाली तर किंवा व्हिसा मिळाला तरच करार खरा, असं कलम फिफा मान्य करत नाही. क्लबनं या गोष्टी सहीच्या आधी उरकायच्या असतात. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवस वाट बघायची, आणि तरी आला नाही तर करार मोडून बाहेर पडता येतं. दाद फिफाच्या न्यायाधिकरणाकडं मागायची. म्हणून पगाराची प्रत्येक पावती आणि प्रत्येक मेसेज जपा.

कीपरनं खास विचारायचं ते दुखापतीचं. बोटं, खांदा, गुडघा यांवर शस्त्रक्रिया झाली तर खर्च कुणाचा, आणि त्या काळात पगार चालू राहणार का? बोनस नुसता सामन्यांवर असेल तर बाकावरच्याला काहीच मिळत नाही, तेव्हा मूळ पगार बघून घ्या. घर, परतीचं तिकीट, तिथला कर हेही कागदावर हवं. सगळं ठरलं की तिथला महासंघ आपल्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र मागवतो, आणि ते त्या देशाची ट्रान्सफर खिडकी उघडी असतानाच चालतं. स्पेलिंगची गोष्ट आता परत आठवेल.

पायरी ८: तिथं गेल्यावर

पहिला महिना थंडीचा. नॉर्वेत हंगाम वसंतात सुरू होतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर संपतो. म्हणजे तयारीचा सराव ऐन गारठ्यात, पुष्कळदा कृत्रिम गवतावर. कृत्रिम गवत मोज्यांचं लेटेक्स किसणीसारखं खातं आणि मांडीची सालं काढतं. आतून लांब पँट घाला, शान करू नका.

घरून चटणी, लोणचं, कुंदा जे न्यायचं ते न्या. खोकल्याचं औषध मात्र नेऊ नका. आपल्याकडं पावसाळ्यात खोकला झाला की मेडिकलमधून बाटली आणायची सवय असते, आणि अशा कित्येक औषधांत टर्ब्युटालिन असतं, जे डोपिंगच्या बंदी यादीत आहे. क्लबच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय गोळी नाही, पावडर नाही, काकांच्या ओळखीचं आयुर्वेदिकही नाही.

आणि मग बाक. पहिल्या नंबरच्या कीपरशी वैर धरू नका. सामन्याआधी त्याला गरम करायचं काम तुमचंच असतं. ते असं करा की त्याला दुसरा कुणी नको वाटावा. सामना चालू असताना समोरच्या फॉरवर्डांच्या सवयी टिपून ठेवा, पेनल्टी कोण कुठं मारतो ते लिहा. राखीव संघाचा सामना असेल तर तो मंगळवारी दुपारी रिकाम्या मैदानावर असला तरी विश्वचषकासारखा खेळा. सहा महिन्यांत बॅक लाइनशी त्यांच्या भाषेत भांडता यायला हवं. ज्या दिवशी स्टॉपर तुमच्यावर उलटा ओरडेल त्या दिवशी समजा, तुम्ही संघात आलात.

इथल्या क्लबांसाठी एक राहिलेलं

हे पोरांपेक्षा गल्लीतल्या मंडळांच्या सेक्रेटरींसाठी. खेळाडूनं परदेशात पहिला व्यावसायिक करार केला की, तो बारा वर्षांचा झाला त्या वर्षापासून ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांना फिफाच्या नियमांनुसार प्रशिक्षणाचा मोबदला मागता येतो. पुढं पैसे देऊन ट्रान्सफर झाली तर त्या रकमेतले पाच टक्के अशा क्लबांत वाटले जातात. मुख्य अट ही, पोरगा त्या वर्षांत तुमच्या नावावर नोंदलेला असला पाहिजे. आपल्याकडं वहीत नाव असतं, सीआरएसवर नसतं. बारा वर्षांची पोरं या महिन्यात नोंदवून टाका. त्यातला एखादा गेलाच आणि पैसे आलेच, तर आमच्या मंडळानं ठराव आधीच करून ठेवलाय: पहिल्यांदा नाल्याकडच्या गोलला जाळी.